गोदा टीचरचं मधलं चित्र

गोदा टीचरची आणि माझी ओळख एका शिवीमुळे झाली. शिवी माझी होती.

कुंभकोणमच्या त्या मुलींच्या शाळेत मी रसायन शिकवायला नुकतीच रुजू झाले होते. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून सोलापूर सोडून इतक्या लांब येऊन पडलेली, तमिळचा गंध नाही, त्यात प्रयोगशाळेतला नळ उघडायला गेले तर तोटीच हातात आली. मी नखशिखान्त भिजले आणि तोंडातून जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेवढ्यात कपाटामागून आवाज आला, "कोण गो तें? आमच्या भाषेंत कोण कोपलें?"

पाठोपाठ एक ठेंगण्या बाई बाहेर आल्या. जाड भिंगाचा चष्मा, अंबाड्यावर अबोलीचा गजरा, हातात ओल्या फडक्यानं झाकलेली वाटी. मी लाजून चूर. बाई मात्र अशा हरखल्या होत्या की विचारू नका.

"पुन्हा म्हणा," त्या म्हणाल्या. "माझा आजा असें म्हणत असे. तो गेला, मग शब्दहि गेला. म्हणा ना!"

मग काय, भर शाळेत मी ती शिवी पुन्हा दिली. बाईंनी डोळे मिटून ती ऐकली, स्वतः एकदा म्हणून पाहिली आणि वाटीवरचं फडकं उचलून मला आतले मोड दाखवले. माझ्या शिवीची ती परतफेड असावी. त्यांच्याकडे मोडांपेक्षा मोठी भेट नव्हती.

या गोदा टीचर. तंजावरच्या मराठ्यांच्या राज्यात इकडे आलेल्या घरातल्या. घरात मराठी, उंबरा ओलांडला की तमिळ. त्यांची मराठी मला पहिले काही दिवस जुन्या बखरीतून उठून आलेल्या माणसासारखी वाटायची. "टीचर, आमच्याकडे असं आता कुणी बोलत नाही," असं मी एकदा चिडवलं तर म्हणाल्या, "तुमच्याकडे कां विसरलें? आम्हीं तर सांभाळलें!"

शाळेत त्या जीवशास्त्र शिकवत. म्हणजे वर्षभराचं सगळंच शिकवत, बेडूक आणि हृदय वगैरे; पण ते आपलं नोकरी म्हणून. जीव अडकलेला होता तो बी रुजताना त्याच्या पेशींत काय होतं यात. प्लास्टिड! मराठी पुस्तकात त्याला लवक म्हणतात हे मीच त्यांना सांगितलं, पण शब्द त्यांना आवडला नाही. "लवक म्हणजे कांहीं दुखणें वाटतें," म्हणाल्या.

"बी म्हणजे मेलेलें नव्हे गो, थांबलेलें," हे त्यांचं पालुपद. मुलींना तमिळमध्ये, मला मराठीत, भाजीवाल्याला वाटाणे निवडता निवडता. "आंत प्लास्टिड आहेत. बारीक बारीक, सगळे सारखे, कोणास कांहीं काम नाहीं. पाणी लागलें कीं जागे होतात. मग ज्याचें त्याचें ठरतें. कंदांत गेला तो पीठ भरून बसला. फुलांत गेला तो पिवळा झाला. पानांत गेला तो हिरवा झाला. सगळे एकाच घरचे!"

"आणि पानातल्याला उजेडच मिळाला नाही तर?" मी एकदा सहज विचारलं. चूक झाली. माझा डबा खायचा राहिला.

"तर तो वाट पाहतो! पण नुसता बसत नाहीं शैले, हीच गंमत! अंधारांत सगळें सामान मांडून ठेवतो. आंत जाळी विणतो. सारखी, नेमकी, एक घर इकडचें तिकडे नाहीं. हिरव्या रंगाचा कच्चा मालहि तिथेंच तयार ठेवतो. उजेड पडला रे पडला कीं तीच जाळी सुटते, तिच्याच पट्ट्या होतात, आणि पान हिरवें होऊं लागतें. अंधारांत इतकी तयारी कोण करतें सांग!"

ही जाळी त्या फळ्यावर काढत तेव्हा वर्ग श्वास रोखून बघे. आधी ठिपके, मग ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा, इकडे दारात काढतात त्या कोलम रांगोळीसारख्या. हात कधी चुकायचा नाही. काढून झालं की खडू खाली ठेवून म्हणायच्या, "असें म्हणतात."

हे एक मला कळायचं नाही. बाकी सगळ्याला त्या "असें आहे" म्हणत. पेशी आहे, केंद्रक आहे, आतले हिरवे ठिपके आहेत, कारण ते शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून त्यांनी स्वतः पाहिलेले. जाळी पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. तो काय शाळेत असतो? तेव्हा उभ्या नोकरीत पुस्तकातलं चित्र पाहून जाळी काढायची आणि दरवेळी "असें म्हणतात" म्हणायचं. "डोळ्यांनीं पाहिलें नाहीं, मग आहे कसें म्हणूं?" हे त्या हसून म्हणत, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचायचं नाही.

शाळेच्या जिन्याखाली एक कपाटवजा खोली होती, ती त्यांची अंधारखोली. दाराच्या फटींना काळी पट्टी. आत ताटांतून भात, मका, मूग अंधारात वाढत असायचे, पिवळट, लांबलचक, माना वाकवलेले. आत जायचं तर टॉर्चवर हिरवा जिलेटीन कागद गुंडाळून. "हिरवा उजेड पानास फारसा कळत नाहीं. चोरून पाहायचें असेल तर हिरवा," हा नियम. एकदा शाळा तपासायला एक साहेब आले आणि हे काय म्हणून त्यांनी त्या दाराला हात घातला. पुढच्या क्षणी गोदा टीचरनी त्यांना दंडाला धरून आत ओढलं आणि दार लावून घेतलं! बाहेर हेडमिस्ट्रेसचा चेहरा पांढराफटक. मी पदरात तोंड खुपसून हसतेय. बराच वेळ आतून नुसता टीचरचा आवाज. शेवटी दार उघडलं तेव्हा साहेब घामानं निथळत होते आणि हातात एक पिवळं रोप जपून धरलं होतं. "घरी मुलीला दाखवतो," म्हणाले. शाळेचा शेरा उत्तम आला.

लग्नकार्यातही तेच. इकडे काही घरांत लग्नाच्या आधी मातीच्या वाडग्यांत धान्य पेरतात, मंगल म्हणून. गोदा टीचर मांडवात आल्या की नवरीला सोडून थेट त्या वाडग्यांकडे. एकदा नवरीच्या आईच्या तोंडचं पाणी पळालं होतं, कारण वाडगी चुकून कोठीत झाकून राहिली आणि मोड पिवळेधमक निघाले. बाई अपशकुनाच्या भीतीनं रडकुंडीला आलेली आणि आमच्या टीचर टाळ्या पिटतायत, "काय सुंदर पिवळे! उन्हांत ठेवा, उन्हांत ठेवा!" वाडगी उन्हात गेली, मुहूर्तापर्यंत हिरवी झाली, आणि टीचरना पहिल्या पंगतीत मानानं बसवलं. त्यांचं लक्ष पानावरच्या कोशिंबिरीतल्या मोडांकडे होतं.

तर अशा बाईंच्या निवृत्तीचं वर्ष आलं. आणि त्याच वर्षी कयलचा फोन आला.

कयल म्हणजे कयलविळी, त्यांची जुनी विद्यार्थिनी. तिरुच्चीकडच्या एका संस्थेत संशोधन करत होती आणि तिथे तो यंत्रराज होता, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. "टीचर, मी पुढच्या महिन्यात परदेशी चाललेय. जायच्या आधी तुमची जाळी तुम्हाला दाखवते. तुम्हीच वाढवलेली रोपं घेऊन या. फक्त एक, उजेड लागू देऊ नका. क्षणभर लागला तरी जाळी मोडायला लागते, हे तुम्हीच मला शिकवलंय."

फोन ठेवला आणि गोदा टीचर स्टाफरूममध्ये स्वतःभोवती गिरकी घेऊन खाली बसल्या. "शैले, जातें! पाहतें! मग मरूं दे!"

"मरायचं काय त्यात? बघायचं आणि परत यायचं," मी म्हटलं.

"तूंहि चल. तूं भांडखोर आहेस. वाटेंत कोणीं हात लावला तर भांडायास कोणीतरी पाहिजे."

ही माझी लायकी! पण खरं सांगते, मला इतका आनंद कधी झाला नव्हता. एकच खेप होती. कयल गेली की शाळेतल्या निवृत्त बाईंना त्या यंत्राजवळ कोण उभं करणार?

टीचरनी भात पेरलं. ते ताट जिन्याखाली नाही, घरी, तांदळाच्या कोठीमागे. घरात त्या आणि त्यांचे थोरले बंधू, अण्णा. अण्णांचं पितळेच्या भांड्यांचं दुकान. अण्णांनी दुकानातला सगळ्यांत घट्ट झाकणाचा हंडा निवडून दिला. टीचरनी त्यात रोपं मातीसकट ठेवली, झाकण लावलं, वरून काळं फडकं आवळून बांधलं.

पहाटे मी पोचले तर हंड्याचा अवतार बदललेला! काळं फडकं गायब. हळदीत भिजवलेलं पिवळं वस्त्र, गळ्यात हळकुंड, वर कडुनिंबाची डहाळी. अण्णा अभिमानानं बाजूला उभे.

"काळ्या फडक्यांतली वस्तु घेऊन रेल्वेंत गेलां तर पोलीस उघडून पाहणार कीं नाहीं?" अण्णा म्हणाले. "म्हणून देवाचें रूप दिलें. देवाचें म्हटल्यावर कोण उघडणार?"

टीचरना ते पटलं. मलाही पटलं. इतकी वर्षं या मातीत राहिलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर मी सोलापूरची कोण? गाडीची वेळ झाली आणि आम्ही निघालो.

दारासुरम गेलं, स्वामीमलै गेलं. हंडा टीचरच्या मांडीवर, मी शेजारी डोळ्यांत तेल घालून. सुंदरपेरुमाळ कोयिलला बायकांचा एक घोळका चढला. लाल-पिवळ्या साड्या, तंजावरजवळच्या मारियम्मन देवीच्या जत्रेला निघालेल्या. त्यातल्या एका म्हातारीची नजर हंड्यावर पडली आणि तिनं हात जोडले.

"मुळैप्पारी का गं?"

मुळैप्पारी म्हणजे देवीसाठी बायकांनी अंधारात वाढवलेले मोड. भांड्यात पेरतात, झाकून ठेवतात आणि सणाला डोक्यावर घेऊन मिरवतात. आता टीचरनी नाही म्हणायचं की नाही? पण खोटं कसं बोलणार? अंधारात वाढवलेले मोड तर होतेच! "हो," म्हणाल्या, आणि वर म्हातारीला प्लास्टिड समजावू लागल्या. म्हातारी मन लावून ऐकत होती. तिला वाटलं, देवीचं माहात्म्य चाललंय.

मग तिनं कनवटीची पुडी काढली. "कुंकू लावते."

"नको!" मी मराठीतच गुरगुरले.

"लावूं दे गो," टीचर म्हणाल्या. "वरून कुंकू लावलें तर काय होतें?"

म्हातारीनं वस्त्राला कुंकू लावलं. आणि पुढे तिनं तेच केलं जे त्या भागातली कुठलीही बाई करेल आणि जे अण्णांना, पुरुषमाणसाला, बापजन्मी ठाऊक नव्हतं. मोड कसे आलेत ते पाहायचं असतं. ते चांगले आले तर पीक चांगलं. तिनं एका हातानं वस्त्र सोडलं, दुसऱ्या हातानं झाकण उचललं. खिडकीतून सकाळचं लख्ख ऊन थेट आत!

"झांका!" टीचर किंचाळल्या. "झांका! झांका!"

घाबरलं की माणूस आईच्या भाषेत ओरडतं. एरवी परक्यांशी तमिळशिवाय शब्द न काढणाऱ्या टीचर मराठीत ओरडत होत्या, थरथर कापत होत्या, अंबाडा सुटून केस पाठीवर आले होते. बायकांनी पाहिलं: हंडा उघडला आणि ही बाई कापायला लागली, कुणाला न कळणारी भाषा बोलायला लागली. अंगात आलं! अम्मा आली! साऱ्या जणींनी एकदम जिभा हलवून तो मंगल कल्लोळ केला, कुलवै म्हणतात त्याला, आणि डबा दणाणून गेला. एकीनं हंडा उचलून उंच धरला, सगळ्यांना दर्शन व्हावं म्हणून. दुसरीनं तो डोक्यावर घेतला.

मी बाकावर चढले. तमिळ मला तेव्हा भाजीपुरतंच येत होतं, तेही आठवेना. मग मी नळाच्या दिवसाची ती शिवी ठणकावून दिली आणि गर्दीत उडी घेतली. बायका मागे सरल्या. त्यांना वाटलं, हिच्याही अंगात आलं! दोघीदोघींच्या! कुलवै दुप्पट झाली. शेवटी हंडा मी ओढून घेतला, झाकण दाबलं आणि वर पदर टाकून त्यावर पालथी पडले.

म्हातारी टीचरच्या पायाशी बसली होती. "आई, यंदा शेताला पाणी येईल का?"

टीचरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "येईल," म्हणाल्या.

तंजावरला बायका पाया पडून उतरल्या. गोदा टीचर गप्प! मी त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं आणि मला ते सहन होईना. अण्णांचा, म्हातारीचा, रेल्वेचा, सगळ्यांचा उद्धार केला. शेवटी त्या म्हणाल्या, "शैले, माझी जाळी गेली." मी त्यांचा हात धरला.

"परत फिरायचं का?" मी विचारलं.

"नाहीं. कयल वाट पाहत असेल. जें झालें तें सांगायचें."

आणि सांगितलं त्यांनी, संस्थेच्या दारातच, एका दमात. कयल आधी हसली, मग टीचरचा चेहरा पाहून हसू आवरलं. "टीचर, आलाच आहात तर कापूया. काय दिसेल ते दिसेल." अंधाऱ्या खोलीत, हिरव्या दिव्यात, तिनं पानाचे कण कापून औषधात टाकले. त्यांचे चकत्यांहून पातळ काप व्हायला आठवडा लागणार होता. तो आठवडा टीचर शाळेत आल्या, शिकवून गेल्या. अण्णांशी बोलणं बंद. फळ्यावर जाळी काढायची पाळी आली तेव्हा म्हणाल्या, "पुस्तकांत पाहा."

आठवड्यानं आम्ही पुन्हा गेलो. पडद्यावर आधी नुसतं करडं धुकं. कयल एक चाक फिरवत होती, चित्र सरकत होतं. टीचर मागे खुर्चीत, हात मांडीवर, परीक्षेत नापास झालेल्या मुलीसारख्या. मग कयलचा हात थांबला.

"टीचर," ती म्हणाली. "इकडे या."

मी रसायनाची बाई, पण मलासुद्धा कळलं. पडद्यावर जाळी होती! अर्धी. एका बाजूला ठिपके, रेघा, ओळीनं, जशी टीचर फळ्यावर काढायच्या तशीच. आणि दुसऱ्या बाजूला ती सैल पडत होती, घरं मोडत होती, आणि तिच्या कडेतून लांब पट्ट्या निघून बाहेर धावत होत्या. उजेड लागला होता, काम सुरू झालं होतं, आणि आम्ही झाकण लावून, औषधात टाकून, ते तिथल्या तिथे थांबवलं होतं.

टीचर उठल्या. पडद्याच्या इतक्या जवळ गेल्या की चष्मा काचेला टेकला. पुस्तकात दोनच चित्रं होती, अंधारातलं आणि हिरवं झाल्यावरचं. मधलं नव्हतं.

"मधलें!" त्या ओरडल्या. "शैले, हें मधलें! सुटतांना! जाळीहि पाहिली आणि सुटतांनाहि पाहिली!"

"टीचर, हे शास्त्राला नवीन नाही हां," कयल हळूच म्हणाली.

"मला आहे!" आणि त्या हसायला लागल्या, रडायला लागल्या, कयलचे दोन्ही गाल ओढले, मला मिठी मारली, यंत्राला नमस्कार केला. "झांकण उघडलें म्हणून दिसलें! नाहीं तर नुसती जाळी पाहून परत गेलें असतें!" मीही रडले. का रडले म्हणता? अहो, इतका आनंद दुसरीकडे कुठे ठेवायचा?

कयलनं चित्राची मोठी प्रत काढून दिली. परतीच्या गाडीत टीचर खिडकीशी बसून ती सारखी उलगडत होत्या, गुंडाळत होत्या. समोरच्या प्रवाशाला दाखवली, चहावाल्याला दाखवली. अण्णांशी फोनवर अबोला मोडला. पापनाशम गेलं तशा एकाएकी उठून उभ्या राहिल्या.

"कुठे निघालात? कुंभकोणम लांब आहे."

"पुढच्या स्टेशनांत उतरतें. म्हातारीला दाखवायास नको? लाइट तिनेंच लावला!"

"अहो, तिचं नाव माहीत नाही, घर माहीत नाही. सुंदरपेरुमाळ कोयिलला काय एकच म्हातारी आहे?"

"विचारीन!" गाडी थांबली आणि त्या उतरल्यासुद्धा. मी दारात उभी, खाली उतरावं की न उतरावं, तोवर गाडी हलली.

त्यानंतर आमची सोलापूरला बदली झाली. टीचर निवृत्त झाल्या, आजही फोनवर तासभर बोलतात. पण माझ्या डोळ्यांसमोर त्यांची जी मूर्ती कायमची राहिली आहे, ती त्या फलाटावरची. म्हातारी शोधायलासुद्धा धीर नव्हता. टोपलीवाली एक बाई तिथे गाडीची वाट बघत बसली होती, टीचरनी तिच्याच पुढे चित्र उलगडलं होतं. वाऱ्यानं ते उडत होतं, ती बाई भांबावून एक कोपरा धरून उभी होती. गाडी वेग घेत होती. टीचरनी वळून माझ्याकडे पाहिलं, बोट चित्रावर ठेवलं आणि फलाटभर ऐकू जाईल अशा आवाजात मला ओरडून सांगितलं,

"शैले, असें आहे! असें आहे गो!"